चिवट रसायने आणि लहान मुलांची छाती: रक्त तपासण्याआधी पाणी तपासा

प्रश्न थोडक्यात असा. घर खेड तालुक्यात, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीपासून काही किलोमीटरवर. पाणी बोअरवेलचे. मोठा मुलगा ४ वर्षांचा. पावसाळ्यात आणि थंडीत त्याची छाती भरते, दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला. पत्नीला पाचवा महिना. 'पीएफएएस' या फ्लोरीनयुक्त, सहजी न मोडणाऱ्या रसायनांच्या बातम्या वाचल्यापासून घरात धास्ती आहे. मुलाचे रक्त तपासावे का, आणि येणाऱ्या बाळासाठी काय करता येईल?

रक्त तपासण्याची घाई नको. आधी पाणी तपासा, घरातला धूर बंद करा, आणि मुलगा सहाचा झाला की फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. हा क्रम का, ते सविस्तर सांगतो.

'चिवट रसायने', म्हणजे वर्षानुवर्षे न मोडता टिकून राहणारी, असे म्हणताना तीन वेगळी कुळे एकत्र बोलली जातात आणि त्यामुळे भीती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. पहिले कूळ क्लोरीनवाले: डीडीटी, पीसीबी, डायऑक्सिन, हेक्झाक्लोरोबेंझीन. ही चरबीत साठतात, म्हणून तूप, अंडी, मासळी आणि दुधाचा स्निग्धांश यांतून शरीरात येतात. दुसरे फ्लोरीनवाले, म्हणजे पीएफएएस. ही चरबीत न साठता रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात, आणि कारखान्याच्या आसपास त्यांचा मोठा मार्ग पिण्याचे पाणी हाच असतो. तिसरे आर्सेनिक, ते मूलद्रव्य असल्याने काटेकोरपणे या यादीत बसत नाही, पण लहान वयातला संपर्क आणि फुफ्फुस यांबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा नेमका त्याचाच आहे. २००१ चा स्टॉकहोम करार, म्हणजे चिवट रसायनांवर बंदी-निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार, यांपैकी पहिल्या दोन कुळांना लागू. भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला. पीएफएएसपैकी पीएफओएस त्या यादीत २००९ मध्ये आले, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये.

ही रसायने शरीरातून किती सावकाश जातात, ते स्वीडनमधल्या रोनेबी गावात नीट मोजले गेले. तिथे लष्करी विमानतळावरच्या अग्निशामक फेसामुळे नळाचे पाणी दूषित झाले होते. डिसेंबर २०१३ मध्ये तो पुरवठा तोडला. त्यानंतर रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला पीएफओएला सरासरी २.७ वर्षे, पीएफओएसला ३.४ आणि पीएफएचएक्सएसला ५.३ वर्षे लागली. म्हणजे आज पाणी बदलले तरी याच गरोदरपणात आईच्या रक्तातली पातळी फारशी उतरणार नाही. बाळाला जन्मानंतर मिळणारा वाटा मात्र बराचसा तुमच्या हातात आहे.

आता वेळेचे गणित. श्वासनलिकांच्या फांद्या गर्भाच्या साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून होतात. पुढे नवी फांदी फुटत नाही, आहेत त्याच लांब-रुंद होतात. वायुकोशांचे उलटे आहे: जन्मताना ते जेमतेम काही कोटी, प्रौढपणी ३० ते ५० कोटी, आणि त्यांतला मोठा हिस्सा पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतो. पाचवा महिना म्हणजे फांद्यांचे काम आटोपले आहे. उरते ते वायुकोशांचे, बाळाच्या वजनाचे आणि प्रतिकारशक्तीचे. या तिन्हींवर अजून परिणाम करता येतो. फुफ्फुसाची ताकद २० ते २५ व्या वर्षी शिखराला पोचते आणि मग उतरत जाते. ज्याचे शिखरच ठेंगणे राहिले, त्याला सिगारेट न ओढताही पन्नाशीत धाप लागू शकते. प्रौढांच्या सीओपीडीत, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या आजारात, जवळपास निम्मे रुग्ण असे तरुणपणीच कमी क्षमता घेऊन आलेले असतात.

लहानपणीच्या संपर्काची खूण फुफ्फुसावर कशी राहते ते पाहायचे तर चिलीतले आंतोफागास्ता शहर पाहावे. अटाकामा वाळवंटातल्या या शहराला १९५८ मध्ये अँडीजमधल्या नदीचे पाणी आणले. त्यात आर्सेनिक होते लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम. आजची मर्यादा आहे १०. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र बसले आणि पातळी एकदम खाली आली. सुरुवात आणि शेवट इतके स्पष्ट असल्यामुळे कोणत्या वयात कोण सापडले ते नेमके सांगता येते. त्या बारा वर्षांत जन्मलेल्यांमध्ये ३० ते ४९ या वयात ब्रॉन्किएक्टेसिसने, म्हणजे श्वासनलिका कायमच्या फुगून त्यांत कफ साठण्याच्या आजाराने, होणारे मृत्यू उर्वरित चिलीच्या तुलनेत ४६ पट निघाले. पाणी १९७० लाच सुधारले होते. मृत्यू दशकांनंतर आले. आर्सेनिक इथे पाण्यातून पोटात गेले होते, नाकावाटे गेलेच नव्हते, हेही ध्यानात घ्या. 'आम्ही धूर कुठे घेतो' असे म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही ते यासाठी.

क्लोरीनवाल्या कुळाची मोठी घटना जपानची. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा वास घालवण्याच्या टाकीत, गरम करणाऱ्या नळीला पडलेल्या बारीक छिद्रांतून, तिच्यात उष्णता वाहून नेण्यासाठी भरलेले पीसीबी तेलात झिरपले. आधी त्याच कारखान्यातले उपउत्पादन खाद्यात गेल्याने लाखो कोंबड्या मेल्या, माणसांचे आजार काही महिन्यांनी उघड झाले. १९७९ मध्ये तैवानमध्ये याच प्रकारे तेच घडले आणि सुमारे २,००० लोक सापडले. जपानी रुग्णांत धूम्रपान न करणाऱ्यांनाही वर्षानुवर्षे खोकला आणि कफ राहिला, कारण पीसीबीचे एक विघटित रूप श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींत जाऊन बसते. तैवानमध्ये बाधित आयांच्या बाळांना पहिल्या काही महिन्यांत ब्रॉन्कायटिस जास्त झाला. हे विषबाधेचे डोस झाले. रोजच्या, कमी पातळीच्या संपर्कात परिणाम बारीक होतो: युरोपातल्या दहा अभ्यासगटांतल्या ४,६०८ माय-लेकरांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा डीडीटीचे अवशेष गर्भकाळात दुप्पट असले तर तान्हेपणी छातीचा ब्रॉन्कायटिस किंवा घरघर होण्याचा धोका ३ टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला. एका मुलाकडे पाहून हा फरक ओळखता येणार नाही. जिल्ह्याभरच्या मुलांत तो दिसेल.

पीएफएएसबद्दल मात्र बातम्या आणि पुरावा यांत अंतर आहे. युरोपातल्या सहा देशांत १,०३३ माय-लेकरांचे जन्माआधीचे ८५ आणि नंतरचे १२५ संपर्क मोजून सहा ते बारा वर्षांच्या मुलांना फुंकायला लावले. गर्भकाळातले पीएफओए आणि पीएफएनए (हेही एक पीएफएएसच) जास्त, तिथे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, किंचित कमी आढळली. पण इतक्या साऱ्या गोष्टी एकदम तपासल्या की काही योगायोगानेही जुळतात. त्याची सांख्यिकी वजावट केल्यावर एकही संबंध टिकला नाही. ऑस्लोतल्या एका गटात नाळेच्या रक्तातले पीएफएएस आणि दहा वर्षांपर्यंतचे श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा संबंध दिसला, दम्याशी दिसला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये सगळे पुरावे चाळून चार गोष्टी पुरेशा सिद्ध मानल्या: लसीनंतर प्रतिपिंडे कमी बनणे, कोलेस्टेरॉल बिघडणे, गर्भाची व बाळाची वाढ कमी होणे आणि प्रौढांत मूत्रपिंडाचा कर्करोग. दमा त्यांत नाही.

म्हणून 'पीएफएएसमुळे दमा होतो' असे मी म्हणणार नाही. फुफ्फुसापर्यंतचा खात्रीचा वाटणारा रस्ता आडवळणाचा आहे: प्रतिकारशक्ती थोडी मंदावते, बाळाचे वजन थोडे कमी भरते, मग पहिल्या दोन वर्षांत छातीचे संसर्ग वाढतात, आणि ऐन वायुकोश बनण्याच्या काळात झालेला प्रत्येक मोठा न्यूमोनिया वाढीतून काही ना काही कापून नेतो. फॅरो बेटांवर, जिथे व्हेलचे मांस खाल्ले जाते, आईच्या रक्तातले पीएफओएस दुप्पट असेल तर मुलाच्या पाचव्या वर्षी घटसर्पाची प्रतिपिंडे ३९ टक्क्यांनी कमी आढळली. लसीकरण चोख ठेवणे हा त्यामुळे इथे खरोखरीचा उपाय ठरतो. न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना व बूस्टर ९ महिन्यांना, पेंटाव्हॅलंट ६, १०, १४ आठवड्यांना, डीपीटी बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा ५-६ वर्षांना. फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, ती विकत घ्यावी लागेल: ६ महिन्यांनंतर पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन, मग दरवर्षी पावसाळ्याआधी एक. सर्दी आहे म्हणून डोस पुढे ढकलू नका.

लोट्याविषयी. इटलीत व्हिचेंझाजवळच्या त्रिस्सिनो इथला मितेनी हा पीएफएएस बनवणारा कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याने व्हेनेतो प्रांतात सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी खराब केल्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि जून २०२५ मध्ये ११ जण दोषी ठरले. त्याची यंत्रसामग्री लिलावातून लोटे परशुरामला आली. यंत्र आले म्हणजे तुमच्या बोअरवेलमध्ये पीएफएएस आले, असे सिद्ध होत नाही. पण आजचा आकडा हाताशी ठेवायला हे कारण पुरेसे आहे; पाच वर्षांनी वाढ झाली का ते सांगायला सुरुवातीचा आकडा लागतोच.

पाणी तपासताना नेहमीच्या प्रयोगशाळेचा 'पिण्यास योग्य' हा शेरा इथे उपयोगाचा नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आर्सेनिक, डीडीटी, पीसीबी यांच्या मर्यादा आहेत, पीएफएएसची नाही, त्यामुळे ते कोणी मोजतच नाही. प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा: एलसी-एमएस-एमएस हे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र आहे का, कोणकोणती पीएफएएस मोजता, आणि किमान किती प्रमाण पकडता. शेवटचा प्रश्न कळीचा. अमेरिकेची मर्यादा पीएफओए आणि पीएफओएससाठी लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम आहे. युरोपात २० पीएफएएसची बेरीज १०० नॅनोग्रॅमच्या आत लागते. ज्या प्रयोगशाळेचे यंत्र १०० च्या खाली पाहूच शकत नाही, तिच्या 'आढळले नाही' या शेऱ्याला काही अर्थ नाही.

नमुना घेताना बहुतेक चुका नळापाशी होतात, कारण टेफ्लॉन, रेनकोट, क्रीम यांतलेही पीएफएएस नमुन्यात उतरू शकतात. बाटली २५० मिलीची पॉलिप्रॉपिलीनची, प्रयोगशाळेनेच दिलेली. झाकणाच्या आत पांढरा टेफ्लॉनचा चकतीसारखा थर नको. नळाच्या आट्यांवर प्लंबरने गुंडाळलेली पांढरी टेफ्लॉन टेप बाहेर लोंबत असेल तर त्या नळाचा नमुना घेऊ नका. रेनकोट अंगात नको, हाताला क्रीम नको, नायट्रिलचे हातमोजे घाला. पंप सुरू करून पाच-सात मिनिटे पाणी जाऊ द्या, मग बाटली न विसळता भरा. टाकीचे नको, थेट बोअरचे घ्या. सोबत एक 'कोरी' बाटलीही न्या: प्रयोगशाळेचे शुद्ध पाणी तिथेच उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायचे. तिच्यात पीएफएएस निघाले तर दोष हाताळणीचा, विहिरीचा नाही. बर्फात ठेवून एक-दोन दिवसांत पोचवा. त्याच फेरीत आर्सेनिक, नायट्रेट आणि जिवाणूही तपासून घ्या. त्यांचा खर्च कमी आणि तान्ह्या बाळाला त्यांचा धोका आधीचा.

पाणी उकळून पीएफएएस किंवा आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. यूव्हीचा दिवा जंतूंपुरता. कार्बनचा फिल्टर लांब साखळीची (मोठ्या रेणूंची) पीएफएएस धरतो, पण आखूड साखळीची आधी निसटतात आणि काडतूस भरले की सगळीच. आरओचा पडदा सर्वांत भरवशाचा. त्यातही आपल्याकडच्या आरओ मशीनमध्ये एक छुपी गळती असते: टीडीएस अ‍ॅडजस्टर. पाणी 'गोड' लागावे म्हणून तो झडपेतून पडदा चुकवून आलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. समजा बोअरचा टीडीएस ५०० आहे आणि पडदा तो २५ वर आणतो, पण तोटीला १२० दिसतो. याचा अर्थ ग्लासातले पाचवा भाग पाणी पडद्यातून गेलेलेच नाही, आणि त्यातले पीएफएएसही जसेच्या तसे आहे. मेकॅनिकला सांगून ती झडप पूर्ण बंद करा. झडप बंद असतानाही तोटीचा टीडीएस येणाऱ्या पाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर सरकू लागला तर पडदा बदला. टीडीएस मीटर पीएफएएस मोजत नाही. तो फक्त पडद्याची तब्येत सांगतो. हे पाणी पिण्याला, भाताला, वरणाला वापरा. आंघोळीला, भांड्यांना गरज नाही.

स्तनपान थांबवू नका. दुधातून पीएफएएस बाळात जातात हे खरे, अंगावर पिणाऱ्या बाळाची पातळी महिन्यागणिक चढते हेही खरे. पण न्यूमोनिया आणि जुलाबांपासून आईचे दूध जे राखते, त्याची बरोबरी पावडरचे दूध करत नाही, आणि दूषित पाण्यात कालवलेली पावडर तर सर्वांत वाईट पर्याय. ५ किलोचे पावडरवर असलेले बाळ दिवसाला ७५० मिली पाणी घेते, किलोमागे १५०. ६० किलोचा माणूस २ लिटर पितो, किलोमागे ३३. त्याच पाण्याचा साडेचारपट डोस. पावडर द्यावीच लागली तर आरओचे पाणी उकळून, किंचित निवल्यावर पण गरम असतानाच कालवा आणि कोमट झाल्यावर पाजा.

घरात दोन वाटा बंद करायच्या. एक धूळ: रांगणारे मूल हात तोंडात घालते, आणि धुळीत जुन्या फोमच्या गाद्या, इलेक्ट्रॉनिक वस्तू, डागरोधक सोफे यांतले सगळे उतरते. केरसुणीने ती पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसा. रेनकोट-बुटांवर मारायचे जलरोधक स्प्रे मूल असलेल्या घरात नकोत. त्यांचा फवारा श्वासात गेल्यावर फुफ्फुसाला तत्काळ इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दुसरी वाट धुराची. कचऱ्यात पीव्हीसी किंवा वायर जळली की डायऑक्सिन तयार होतात. ती राख ज्या आवारात पडते तिथे चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी मुलाला देऊ नका, 'गावठी' असली तरी.

आणि स्पष्टच सांगायचे तर, तुमच्या चार वर्षांच्या मुलाच्या छातीला आज पीएफएएसपेक्षा चूल, विडी-सिगारेट, उदबत्ती आणि डासांची कॉइल जास्त त्रास देत असणार. एक कॉइल रात्रभर जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे मोजमाप आहे. मच्छरदाणी लावा. बातमीतल्या रसायनाची भीती वाटणे आणि रोज रात्री कॉइल लावणे हे एकाच घरात चालते, याचे नवल वाटत नाही, पण ते थांबायला हवे.

मुलाच्या घरघरीचा विचार नेहमीच्या क्रमानेच व्हावा. सर्दी झाली की घरघर, मधल्या काळात ठणठणीत, असे असेल तर बहुधा विषाणूंमुळे होणारी घरघर, आणि शाळकरी वयात ती बऱ्याच मुलांत सुटते. हसताना, पळताना, मध्यरात्री खोकला, त्वचेला खाज किंवा घरात दमा असेल तर स्पेसर-मास्कमधून कमी मात्रेचे स्टेरॉइड पंपाने दोन-तीन महिने देऊन फरक बघतात, मग थांबवून पुन्हा बघतात. ओला खोकला चार आठवड्यांवर गेला, वजन वाढत नसेल, नखे फुगीर होत असतील किंवा घरघर एकाच बाजूला असेल तर रसायनांचा विषय बाजूला ठेवून आधी क्षयरोग, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा, जिवाणूंचा चिवट ब्रॉन्कायटिस हे तपासले पाहिजे.

स्पायरोमेट्रीच्या आधी साल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारा, पंप किमान चार तास बंद. उंची चपला काढून, भिंतीवरच्या मापाने. अंदाजे सांगितलेली उंची निकाल बिघडवते. तीन नीट फुंकण्या हव्यात, त्यांतल्या दोन सर्वोत्तम एफईव्ही१ मध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. ओठांतून हवा निसटली, पहिल्याच सेकंदात खोकला आला किंवा मधेच थांबला तर ती फुंकणी मोजू नये. मग साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. अहवालात एक सापळा असतो: प्रौढांसाठी एफईव्ही१ आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकणीत बाहेर पडणारी एकूण हवा) यांचे गुणोत्तर ०.७० च्या वर म्हणजे ठीक, आणि अनेक ठिकाणी तोच शिक्का मुलांच्या कागदावरही पडतो. मुलांत ते एरवी ०.९० च्या आसपास असते. सात वर्षांच्या मुलाचे ०.७६ हे नॉर्मल नाही. झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वय-उंचीच्या मुलांच्या सरासरीपासूनचे अंतर, मागा, तो उणे १.६४ च्या खाली गेला तरच कमी धरा. दरवर्षी त्याच यंत्रावर, त्याच संदर्भ-समीकरणावर करा, नाहीतर क्षमता घटली की सेटिंग बदलले ते कळणार नाही.

रक्ताची वेळ येते ती पाण्यात पीएफएएस खरोखर जास्त निघाले तरच. विज्ञान अकादमीच्या हिशेबात रक्तातल्या पीएफएएसची बेरीज मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या आत असेल तर काही करायचे नाही. २ ते २० मध्ये स्रोत शोधून तोडायचा आणि वयानुसार कोलेस्टेरॉल बघायचे. २० च्या वर थायरॉइडसारख्या तपासण्यांची भर. मुलांसाठी ही रसायने काढणारे मान्य औषध नाही. चिलेशन, म्हणजे औषधाने विष बांधून बाहेर काढणे, धातूंसाठी असते, पीएफएएसला लागू पडत नाही. 'रक्तशुद्धी'ची भस्मे गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नयेत. अशा काही औषधांत शिसे आणि पारा सापडले आहेत. रक्ताची फेरतपासणी करायची तर त्याच प्रयोगशाळेत, दोन वर्षांनी. त्याआधी आकडा इतका कमी हलतो की यंत्राच्या चुकीत आणि खऱ्या उतारात फरक करता येत नाही.